माहेरचा रकाना

जुने कागद, मोडी नोंदी, कुळाचा शोध या विषयांवर वाचक विचारतात, त्या प्रश्नांची ही उत्तरं. या वेळी दोनच पत्रं घेतली आहेत, कारण दुसऱ्याला जागा लागणार आहे.

प्रश्न : आम्ही मूळचे वाई तालुक्यातले, तीन पिढ्या पुण्यात. घरात वंशावळ नाही. त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांकडे नामावळीत पूर्वजांची नावं मिळतात असं ऐकलं. खरं आहे का? मोडी येत नसेल तर काय करावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : खरं आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर अशा क्षेत्रांतल्या तीर्थोपाध्यायांकडे गावागावांच्या, आडनावांच्या वह्या आहेत. तुमच्या घराण्यातला कोणी यात्रेला किंवा श्राद्धाला गेला असेल, तर त्याचं नाव, गाव, भाऊ, मुलं, बापाचं आणि आजाचं नाव अशी नोंद सापडते. कधी कधी ती त्याच्या स्वतःच्या हातची असते. जाताना आडनाव आणि मूळ गाव पक्कं माहीत हवं. तालुका बदललेला असतो, गाव बदलत नाही. मोडी बहुतेक उपाध्याय स्वतः वाचून दाखवतात. फोटो काढण्याआधी विचारा, ती त्यांच्या घराची ठेव आहे.

एक मात्र आधीच सांगते. तिथे तुम्हांला पणजोबा, खापरपणजोबा भेटतील. पणजी भेटलीच तर 'स्त्री अमुक' एवढीच भेटेल, लग्नानंतरच्या नावाने. ती कुठल्या घरातून आली हे त्या वहीत सहसा नसतं. माझ्या स्वतःच्या घराण्याच्या छापील कुलवृत्तांतात माझ्या आजीच्या नावापुढे 'माहेर' लिहून पुढे नुसती आडवी रेघ आहे. ती कारवारची, घरी कोकणी बोलणारी होती. तिच्या हातचं जेवून मोठ्या झालेल्या माणसांनी ती रेघ छापायला दिली. त्या रेघेचा मला अजून राग येतो, आणि पुढच्या पत्राला इतकं लांब उत्तर देण्याचं एक कारण तेही आहे.

प्रश्न : मी पेणची, सीकेपी घरातली, वय ४६. वडिलांच्या आईला आम्ही सगळे माई म्हणायचो. ती १९९८ साली गेली. गेल्या दिवाळीनंतर जुनं घर पाडायचं म्हणून माळा रिकामा केला, तेव्हा तिची पत्र्याची ट्रंक निघाली. तळाशी पांढऱ्या पातळात गुंडाळलेलं एक पुस्तक होतं. एकीकडे चौकोनी परकी अक्षरं, दुसरीकडे मराठी. सुरुवातीची पानं गेलेली. शेवटच्या कोऱ्या पानावर शिसपेन्सिलीने तीन ओळी, मोडी असाव्यात. आत्याला दाखवलं तर ती रडायलाच लागली. म्हणाली, "माई इस्राएली होती. चौलकरांची. माहेरच्यांनी तिचं नाव टाकलं आणि पुढे सगळे तिकडे निघून गेले." आजोबा आणि ती मुंबईत एकाच दवाखान्यात नोकरीला होते. जून १९५२ मध्ये आर्यसमाजी पद्धतीने लग्न झालं. याहून जास्त आत्यालाही माहीत नाही.

आता मागचं एकेक आठवतं. माईच्या हातची सोड्यांची खिचडी सगळ्या आळीत नावाजलेली, पण तिने ती स्वतःच्या ताटात कधी घेतली नाही. कोळंबी नाही, चिंबोरी नाही. विचारलं की "मला उष्ण पडतं" म्हणायची. मटण आणलं की मीठ चोळून बाजूला ठेवायची आणि मग तीन पाण्यांनी धुवायची. शुक्रवारी दुपारी वाटीभर काळ्या मनुका भिजत घालायची, संध्याकाळी कुस्करून, गाळून ते पाणी प्यायची. आधी डोक्यावर पदर घेऊन काहीतरी पुटपुटायची. आम्हांला वाटायचं रक्तवाढीचं औषध असेल. आणि पावसाळ्यात एक दिवस कडक उपास करून संध्याकाळी वालाच्या बिरड्यावर सोडायची.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापायचा आहे. प्रत्येक सुनेपुढे 'माहेर' असा रकाना आहे. काका म्हणतात, "चौलकर, अलिबाग एवढंच लिहा. खोटं काही नाही, आणि घरात लग्नाच्या मुली आहेत." माझी मुलगी कॅनडात असते. ती म्हणते, लाळेची डीएनए चाचणी करू, सगळं कळेल. माझं विचारणं वेगळंच आहे. मी आता स्वतःला काय म्हणू? आणि माईने जन्मभर जे झाकलं ते उघडायचा मला हक्क आहे का?
— एक वाचक, पेण

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग फोटो मोठे करून बसले. आधी पुस्तकाचं सांगते. तुम्ही पाठवलेल्या पानावर मिसर देशातून सुटकेची कथा आहे आणि 'आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का' असे मुलांनी विचारायचे प्रश्न आहेत. म्हणजे ही हग्गादा. ज्यू लोक वल्हांडणाच्या, म्हणजे त्या सुटकेच्या सणाच्या, रात्री घरात बसून वाचतात ती पोथी. बेने इस्राएलांसाठी, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंसाठी, हिब्रू आणि मराठी अशी जोड हग्गादा मुंबईत १८४६ साली छापली गेली, पुण्यात १८७४ साली. नंतरही निघाल्या. तुमच्या प्रतीची पहिली पानं नसल्याने साल सांगत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, दमट हवेत कागद कुजतो. धुतलेल्या सुती कापडात आडवी ठेवा. ते पांढरं पातळही टाकू नका. बेने इस्राएल नवरी लग्नात पांढरी साडी नेसते. ते पातळ लग्नासाठीच घेतलेलं होतं का, हे आत्याला विचारून बघा.

आता माईचं स्वयंपाकघर. तुम्ही जे लिहिलंत ते माझ्या दृष्टीने कुठल्याही दाखल्याइतकं पक्कं आहे. ज्यूंना पर आणि खवले असलेलाच मासा चालतो. म्हणून कोळंबी, सोडे, चिंबोरी बाद. मिठाने मांसातलं रक्त काढून टाकायचं, कारण रक्त खाणं वर्ज्य. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा पवित्र दिवस, लागतो, तेव्हा द्राक्षरसावर आशीर्वाद म्हणतात. कोकणात द्राक्षं कुठली? म्हणून इथल्या बेने इस्राएलांनी काळ्या मनुकांचं सरबत धरलं. ते औषध नव्हतं ताई, तिचा शब्बाथ होता तो. सासरच्या स्वयंपाकघरात, एका वाटीत.

आणि बिरडं. यापाशी मी थांबलेच. यरुशलेमचं मंदिर पडलं त्याच्या दुखवट्याचा उपास ज्यू पंचांगातल्या आब महिन्याच्या नवमीला येतो, आपल्या जुलै-ऑगस्टमध्ये. कोकणातले बेने इस्राएल त्याला म्हणतात 'बिरड्याचा सण', कारण उपास सोडायला मोडाच्या वालांचं बिरडं करतात. त्यांच्या बऱ्याच सणांना अशी घरची नावं आहेत : नव्याचा सण, खिरीचा सण, दार फाळण्याचा सण. आता सीकेपी घरात पावसाळ्यात बिरडं शिजलं तर कोणाला काय वेगळं वाटणार? माईला तिच्या वर्षातला सगळ्यांत दुःखाचा दिवस तुमच्या सगळ्यांच्या देखत पाळता आला, कारण दोन्ही घरांचं कालवण एकच होतं. ती वाल सोलायला तुम्हांला बसवत असेल. तुम्हीही तो दिवस पाळलात, न कळता.

चौलकर हे आडनावही तसंच. बेने इस्राएल सांगतात की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पुढे ते गावोगाव पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. आडनावं गावावरून पडली : पेणकर, रोहेकर, किहीमकर, राजपूरकर, चौलकर. त्याच गावच्या हिंदूंचीही तीच आडनावं. जुने सिनेनट डेव्हिड यांचंही आडनाव असंच चौलवरून, डेव्हिड अब्राहम चेऊलकर. तुमच्या काकांना हे आडनाव सोयीचं वाटतं ते म्हणूनच. त्यांच्यावर रागावू नका. लग्नाच्या मुलींची काळजी खोटी नसते, आणि त्यांनी आईला जपण्याची हीच एक रीत लहानपणापासून पाहिली आहे.

लग्नाचंही थोडं सांगते, म्हणजे माईला गुपचूप राहावं का लागलं ते कळेल. १९५२ मध्ये ज्यू मुलगी आणि हिंदू मुलगा यांना आपापला धर्म ठेवून लग्न नोंदवायची सोय नव्हती. १८७२ च्या कायद्याखाली दोघांना आपण कुठलाच धर्म मानत नाही असं लिहून द्यावं लागे. १९२३ ची सवलत हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांच्यापुरती होती. आज आपण ज्याला रजिस्टर लग्न म्हणतो तो विशेष विवाह कायदा १९५४ चा, अमलात आला १ जानेवारी १९५५ ला. तुमचे आजी-आजोबा अडीच वर्षं आधी लग्न करून बसले. आर्यसमाजी लग्न हीच वाट उरली होती. त्यात नवं नाव मिळालं. आपल्याकडे लग्नात सुनेचं नाव बदलतच असत, त्यामुळे तेही कोणाच्या डोळ्यांवर आलं नाही.

आता त्या तीन ओळी. मोडीच आहे. शिसपेन्सिल पुसट झाली आहे आणि मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घही एकच. त्यामुळे पहिला शब्द मला तासभर लागत नव्हता. मी तो मराठी नाव समजून वाचत होते. मग लक्षात आलं, 'रिबका' आहे. पूर्ण मजकूर असा :

चि. रिबका इस आईचा आशीर्वाद.
जपून ठेवणे.
रेवदंडा, ता. २० माहे मे १९५२.

ताई, तारीख बघा. लग्न जूनमध्ये. म्हणजे आईला लग्न ठरल्याचं माहीत असावं आणि तरी तिने घरातली पोथी मुलीच्या हातात दिली. माहेरच्यांनी नाव टाकलं असेल, बापाने, भावांनी, जमातीने. आईने टाकलं नव्हतं. आत्याला हे आधी सांगा. फोनवर नको, समोर बसून सांगा.

हक्काचं विचारलंत. माईने झाकलं हे खरं, पण तिने पुस्तक जाळलं नाही, कोणाला देऊनही टाकलं नाही. आईने 'जपून ठेवणे' म्हटलं आणि तिने सेहेचाळीस वर्षं ते जपलं, आपल्याच ट्रंकेत, जिथे ते एक दिवस घरच्यांच्याच हाती लागणार होतं. मी याचा अर्थ असा घेते की तिला ते बोलायचं नव्हतं, पण नाहीसं करायचंही नव्हतं. तरीही छापण्याआधी आत्याची परवानगी घ्या. माई तिची आई आहे. ती नको म्हणाली तर थांबा. काकांच्या नकाराला मी तेवढं वजन देणार नाही, कारण त्यांना माईची काळजी कमी आणि लोकांची जास्त वाटते आहे.

चाचणीबद्दल मुलीला समजावून सांगा. लाळेच्या चाचणीत तीन प्रकार पाहतात. एक वाट फक्त आईकडून मुलांकडे येते आणि पुढे मुलींकडूनच जाते. माई तुमच्या वडिलांची आई, त्यामुळे तिची ती वाट वडिलांपर्यंत आली आणि तिथेच संपली. तुमच्यात ती नाहीच. दुसरी वाट बापाकडून मुलाकडे जाते, बाईमध्ये ती नसतेच. उरला तिसरा प्रकार. त्यात माईकडून तुमच्यात सुमारे पाव हिस्सा आलेला असणार, तुमच्या मुलीत त्याच्याही निम्मा. आत्या किंवा काका यांची चाचणी केली तर माईचा निम्मा हिस्सा मिळेल आणि आत्याकडे, काकांकडे ती पहिली वाटही शाबूत आहे. करायचीच असेल तर त्यांची करा, त्यांनी आपखुशीने हो म्हटलं तरच.

पण टक्क्यांवर फार भिस्त ठेवू नका. २०१६ साली बेने इस्राएलांच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं ते असं : त्यांच्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा अंश आहे आणि इथल्या लोकांचाही, ही सरमिसळ साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाली, आणि ज्यू बाजू जास्त करून पुरुषांकडून आली, इथली बाजू बायकांकडून. म्हणजे माईच्या कुळाच्या मुळाशीही इथल्याच कुठल्या तरी मुली आहेत, ज्यांचं माहेर कोणी लिहून ठेवलं नाही. हे वाचलं त्या दिवशी मी माझ्या आजीपुढची ती आडवी रेघ पुन्हा काढून बघितली होती.

शुद्धतेचा जाच त्यांच्यातही कमी नव्हता. जमातीत पूर्वी 'गोरे इस्राएल' आणि 'काळे इस्राएल' असे भाग होते. बाहेरच्या बाईपासून झालेली संतती काळी म्हणायची, तिच्याशी सोयरीक करायची नाही, भांडीही वेगळी. पुढे इस्राएलला गेल्यावर तीच वेळ सगळ्या जमातीवर आली. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, सूचना काढली की बेने इस्राएलांचं लग्न लावण्याआधी त्यांच्या मागच्या पिढ्या तपासा. आमच्या आईच्या आईच्या आईचा दाखला कोण देणार, म्हणून माणसं रस्त्यावर उतरली. १९६४ मध्ये ती गोष्ट मागे घ्यावी लागली. माईचे भाऊ त्या वर्षांत तिथे असतील तर त्यांनीही हे सोसलं असेल.

'मी कोण' याचं उत्तर मी देऊ शकत नाही, पण नियम काय म्हणतात ते सांगते. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे ज्यूपण आईकडून येतं, म्हणून तुमचे वडील, आत्या आणि काका जन्माने ज्यू ठरतात, तुम्ही नाही. इस्राएलच्या परतीच्या कायद्यात मात्र १९७० च्या दुरुस्तीनंतर ज्यूंच्या नातवंडांचाही विचार होतो. एकाच घरात शास्त्र एक सांगतं, कायदा दुसरं. मला विचाराल तर तुम्ही पेणच्या सीकेपी घरातल्या आणि रेवदंड्याच्या रिबका चौलकरची नात. दोन्ही पूर्ण. यातलं एक म्हणायला दुसरं खोडावं लागत नाही.

शोध पुढे न्यायचा तर आता गाव हाती आहे, हे फार मोठं काम झालं. रेवदंड्याला बेथ एल हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, १८४२ चं आहे. अलिबागला इस्राएल आळीत मागेन अवोत आहे. तुमच्या पेणमध्येही १८६३ चं बेथ हाएलोहिम आहे. जुनी माणसं सिनेगॉगला 'मशीद' म्हणतात, तेव्हा पत्ता विचारताना घोटाळा करून घेऊ नका. तिथल्या देखभाल करणाऱ्यांना जुन्या लग्नाच्या नोंदी आहेत का विचारा. कबरस्तानात जा. दगडांवर हिब्रूबरोबर मराठीही असतं, 'चौलकर' वाचायला तुम्हांला कोणाची मदत लागणार नाही. मग रेवदंड्याच्या जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर. माई १९३० च्या सुमाराची असेल तर १९३५ ते १९४५ ची वर्षं बघा. जातीच्या रकान्यात 'बेने इस्राएल' किंवा नुसतं 'इस्राएल' लिहिलेलं असेल, आणि बापाचं नाव मिळेल. जन्माची नोंद गाव नमुना १४ मध्ये, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो. तहसील कार्यालयात नकलेचा अर्ज करा. अर्जात 'जिल्हा कुलाबा' असंही लिहा. रायगड हे नाव १९८१ पासूनचं, जुनी दप्तरं कुलाब्याच्या नावाने बांधलेली आहेत. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी ही दप्तरं इतकी उलगडली गेली आहेत की पूर्वी 'सापडत नाही' म्हणून परत पाठवणारी माणसंही आता वही कुठे आहे ते सांगतात.

तिकडच्या नातलगांसाठी मराठीतच लिहा. लोद, दिमोना, अश्दोद, बेरशेबा इथे बेने इस्राएलांची मोठी वस्ती आहे आणि तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघत आलं आहे. रिबका, रेवदंडा, १९५२, दवाखान्यातली नोकरी एवढं पुरे आहे. तिच्या भावांच्या घरातही कोणीतरी 'आमची एक आत्या होती' असं ऐकलेलं असणार.

रकान्यात काय लिहायचं ते खाली देते. आत्याने मान डोलावली की हा कागद तसाच छपाईला द्या :

'कै. माई. माहेरचे नाव रिबका चौलकर, बेने इस्राएल, रा. रेवदंडा, ता. अलिबाग. विवाह जून १९५२, मुंबई.'

वडिलांच्या नावासाठी मध्ये जागा सोडायला सांगा. नोंद मिळाली की ते पुढच्या आवृत्तीत भरता येईल.